गरोदरपणात शुगर वाढली होती? बाळंतपणानंतरच्या तपासण्या अशा करा

बाळ झालं, इन्सुलिन बंद झालं, दुसऱ्या दिवशी बोट टोचून बघितलेली साखर बरी आली. बहुतेक घरांत विषय इथेच मिटतो. सहा आठवड्यांनी करायची ग्लुकोजची तपासणी राहून जाते, आणि काही वर्षांनी जखम भरेना म्हणून रक्त तपासलं की उपाशीपोटी साखर १८० निघते.

गरोदरपणात डायबिटीस झालेल्या बाईला पुढे कायमचा, म्हणजे टाइप २ डायबिटीस होण्याची शक्यता इतर बायकांच्या सात ते दहा पट असते. पहिल्या पाच वर्षांत हा धोका सर्वांत भराभर वाढतो. वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन बनवून निभावून नेतं, काहींना ते जमत नाही आणि साखर चढते. वार पडली की साखर उतरते. स्वादुपिंडाची ताकद मात्र तोकडी होती ती तोकडीच राहते.

मुंबईत ही तपासणी चुकण्याचं कारण निष्काळजीपणा आहे असं मला वाटत नाही. खरी अडचण ही की ती कुणाच्याच खात्यात नसते. स्त्रीरोगतज्ज्ञ टाके बघून मोकळे होतात, बालरोगतज्ज्ञ बाळाचं वजन बघतात, नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरांनी गरोदरपणातले रिपोर्ट कधी पाहिलेलेच नसतात. त्यात बाळंतीण साताऱ्याला नाहीतर चिपळूणला माहेरी. म्हणून तारीख आणि फाईल दोन्ही स्वतःच्या हातात ठेवायच्या, असं धरूनच पुढचे टप्पे लिहिले आहेत.

टप्पा १ : फाईल वेगळी काढा, शक्यतो बाळंतपणाआधीच

गरोदरपणाच्या जाड फाईलमध्ये सोनोग्राफ्या असतात, जुन्या चिठ्ठ्या असतात, मेडिकलची बिलंसुद्धा असतात. पुढे उपयोगी पडणारे कागद त्यातले चार-पाचच:

- ज्या रिपोर्टवरून डायबिटीसचं निदान झालं तो रिपोर्ट, आणि तेव्हा कितवा आठवडा होता याची नोंद.
- उपचार काय होता: नुसतं पथ्य, मेटफॉर्मिनची (साखर उतरवणारी) गोळी की इन्सुलिन. इन्सुलिन असेल तर किती युनिट.
- बाळंतपणाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, त्यावर बाळाचं जन्मवजन.
- माता व बाल संरक्षण कार्ड.
- हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचे शेवटचे रिपोर्ट.

सगळ्यांचे फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवा आणि नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या फोनवरही पाठवून द्या. काही लॅबच्या थर्मल कागदावरच्या छापील पट्ट्या वर्षभरात इतक्या पुसट होतात की आकडाच वाचता येत नाही.

निदान २४ व्या आठवड्याच्या आधीच झालं असेल, इन्सुलिन घ्यावं लागलं असेल, उपाशीपोटीची साखर चढी राहत असेल, आईवडिलांना डायबिटीस असेल, वजन जास्त असेल किंवा आधीच्या खेपेलाही हेच झालं असेल, तर तुमचा धोका इतर गर्भकालीन डायबिटीसवाल्यांपेक्षाही जास्त आहे. यातलं जे लागू असेल ते फाईलच्या पहिल्या पानावर पेनानं लिहून ठेवा. ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतात, त्यातली तीन फाईल चाळण्यात जाऊ नयेत.

टप्पा २ : दवाखान्यातून निघण्याआधी तीन प्रश्न

डिस्चार्जच्या दिवशी बिल, गाडी, बाळाचं दुपटं, दारात ओवाळणी अशी गडबड असते. तरीही एवढं विचाराच.

पहिला: बाळंतपणानंतर साखर तपासली का, आणि आकडा किती आला? गर्भकालीन डायबिटीसमध्ये औषधं सहसा बाळंतपणाबरोबर थांबतात, पण थांबवल्यावर एक-दोन दिवसांत साखर बघायची असते. ती चढीच असेल तर हा डायबिटीस कदाचित गरोदरपणाच्या आधीपासूनच होता. मग सहा आठवडे थांबायचं नाही.

दुसरा: सहा आठवड्यांनंतरच्या ओजीटीटीची, म्हणजे उपाशीपोटी आणि मग ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्तातली साखर बघायच्या तपासणीची, चिठ्ठी आत्ताच मिळेल का? बहुतेक डॉक्टर मागितली की लिहून देतात. न मागता मिळेल या आशेवर राहू नका.

तिसरा: पाळणा लांबवण्यासाठी काय वापरायचं? हा प्रश्न इथे का, हे शेवटच्या टप्प्यात येईल.

> सावधान. घरी गेल्यावर सतत घसा कोरडा पडणं, लघवीला वारंवार जावं लागणं, नजर धूसर होणं, योनीमार्गात पुन्हा पुन्हा बुरशीचा संसर्ग होणं यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता साखर तपासा. दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागतेच आणि बाळंतपणानंतर वजनही उतरतंच, त्यामुळे ही लक्षणं घरात कुणाच्या लक्षात येत नाहीत.

टप्पा ३ : तारीख ठरवणं

तपासणीची खिडकी बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांची आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत सहा आठवडे सांगितले आहेत आणि तोच मुहूर्त धरावा.

आता आपलं पंचांग बघा. सव्वा महिना संपतो तोवर पाच-साडेपाच आठवडे होतात. बाळाच्या लसी दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिन्यांना, म्हणजे ६, १० आणि १४ आठवड्यांना. याचा अर्थ सहाव्या आठवड्याची लस हा तुमच्या तपासणीचा इशारा, आणि दहाव्या आठवड्याची लस ही शेवटची संधी. १४ आठवड्यांच्या लसीपर्यंत खिडकी बंद झालेली असते.

लस आणि तपासणी एकाच दिवशी ठेवू नका. कागदावर सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात लसीच्या रांगेत बाळ रडतंय, तुम्ही उपाशी, आणि दोन तासांचं सॅम्पल द्यायच्या वेळी तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. लसीच्या दिवशी फक्त पुढच्या आठवड्यातली तारीख पक्की करा.

माहेरी असाल तर तपासणी तिथेच करा. ‘मुंबईला गेल्यावर आपल्या डॉक्टरांकडेच करू’ हे वाक्य ऐकलं की मला पुढचं चित्र दिसायला लागतं. मुंबईला यायला तिसरा महिना उलटतो, आल्यावर घर लावणं, बारसं झालं नसेल तर त्याची तयारी, पाहुणे, मग रजा संपत येते. रक्त तपासायची सोय तालुक्याच्या ठिकाणीही असते. रिपोर्टचा फोटो इथल्या डॉक्टरांना पाठवता येतो.

मुंबईतच असाल तर केईएम, नायर, सायन, कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं आहेत आणि वस्तीजवळ ‘आपला दवाखाना’ आहे. दवाखान्यात रक्ततपासणीची सोय असली तरी दोन तासांचा ओजीटीटी तिथे होतो का, सॅम्पल किती वाजेपर्यंत घेतात, आणि केसपेपर आदल्या दिवशी काढून ठेवता येतो का, हे आधी जाऊन विचारा. खासगी लॅब निवडताना नावापेक्षा अंतर बघा. कल्याणहून परळला उपाशीपोटी, टाके ओढत, बाळाला घेऊन लोकलनं जाण्यात काही अर्थ नाही.

> तपासून पाहा. चिठ्ठीवर ‘७५ ग्रॅम ओजीटीटी, उपाशीपोटी आणि २ तास’ असं स्पष्ट लिहिलंय का? नुसतं ‘फास्टिंग-पीपी’ लिहिलं असेल तर बदलून घ्या. पीपी म्हणजे जेवणानंतरची साखर. कुणी दोन पोळ्या खातं, कुणी वाटीभर पेज पिऊन येतं, त्यामुळे आकड्यांची तुलनाच होत नाही.

टप्पा ४ : आदले तीन दिवस

इथली चूक कुणाला चूक वाटतच नाही. तपासणी जवळ आली की बायका भात बंद करतात, लाडू बंद करतात, रात्री नुसतं सूप पितात. रिपोर्ट ‘चांगला यावा’ म्हणून. होतं उलटंच. काही दिवस पिष्टमय पदार्थ फार कमी खाल्ले की शरीर ग्लुकोजचा अचानक आलेला भार नीट पेलत नाही आणि साखर विनाकारण चढी दिसू शकते. म्हणून आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मोजत बसायची गरज नाही. पोळी, भात, आमटी, सकाळी पोहे किंवा उपमा, असं नेहमीचं दोन वेळचं जेवण जेवलात तर तेवढं होऊन जातं.

आदल्या रात्री जेवण नेहमीचं घ्या आणि त्यानंतर ८ ते १४ तास काही खाऊ नका. साधं पाणी चालतं. रात्री बाळाला पाजताना भूक लागते आणि हात खारकेच्या डब्याकडे जातो, म्हणून सकाळी सातचं सॅम्पल असेल तर रात्री साडेदहाला पोटभर जेवून घ्या, आठला नको. सकाळचा चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. ओवा-बडीशेप नाही, काढा नाही.

ताप असेल, स्तनाला गाठ येऊन दुखत असेल, पोट बिघडलं असेल तर तारीख पुढे ढकला. स्टेरॉइडचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

टप्पा ५ : तपासणीचा दिवस

सर्वांत जास्त घोळ या दोन-अडीच तासांत होतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

*बरोबर कोण.* बाळाला सांभाळायला एक माणूस हवाच. सासू, आई, नवरा, शेजारची काकू, कुणीही चालेल. तपासणीच्या वेळात बाळाला दूध पाजायला हरकत नाही. एका जागी बसून पाजा. बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारण्याचं काम मात्र त्या दिवशी दुसऱ्याचं.

*पहिलं सॅम्पल.* उपाशीपोटी, शिरेतून, करड्या टोपणाच्या नळीत. त्या नळीतल्या फ्लुओराइडमुळे रक्तातल्या पेशी साखर खात नाहीत. निदानासाठी बोटाच्या थेंबावरचा ग्लुकोमीटर चालत नाही, कारण तो खऱ्या आकड्याच्या थोडा इकडेतिकडे दाखवतो आणि इथे पाच-दहाच्या फरकानं निदान बदलतं. ‘ताई, मशीनवरच बघून टाकतो’ असं कुणी म्हटलं तर स्वच्छ नाही म्हणा.

*गरोदरपणातली सवय.* आपल्याकडे सरकारी पद्धतीनं गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी एकच सॅम्पल घेतात. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, १४० किंवा त्याहून जास्त आलं की गर्भकालीन डायबिटीस. त्यामुळे बऱ्याच जणी बाळंतपणानंतरही नाश्ता करून येतात आणि काउंटरवर विचारलं की म्हणतात, ‘मागच्या वेळी चाललं होतं की!’ तेव्हा चाललं होतं, आता चालत नाही. आता उपाशीपोटीचा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे.

*ग्लुकोजचं पाणी.* ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज, २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात. पावडर मोनोहायड्रेट प्रकारची असेल तर तीच मात्रा ८२.५ ग्रॅमची होते. लॅबमध्ये बंद पाकीट मिळतं किंवा तिथलेच लोक मोजून देतात. घरून चमच्यानं अंदाजे आणलेली पावडर किंवा साखरेचं सरबत चालत नाही. पाणी गार असेल तर कमी मळमळतं. लिंबाचे दोन थेंब टाकू का, हे लॅबलाच विचारा. सगळं पाच मिनिटांत संपवायचं. चहासारखं घोट घोट पंधरा मिनिटं पीत बसलात तर दोन तासांच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

*घड्याळ.* दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. फोनमध्ये गजर लावा आणि ती वेळ काउंटरवरच्या माणसाकडून पावतीवर लिहून घ्या. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्यांकडून करत असाल तर हे दुप्पट जपा. सकाळी सातला आलेला मुलगा दुसऱ्या सॅम्पलसाठी ट्रॅफिकमधून पावणेदहाला उगवला तर ती तपासणी पुन्हा करावी लागते. तो दोन तास तुमच्याच इमारतीत किंवा गल्लीत थांबणार आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. नसेल तर सरळ लॅबमध्ये जा.

*बसून राहणं.* ‘दोन तासांनी या’ असं सांगितलं की आपल्या बायका जातात भाजी घ्यायला. दादरला असतील तर पूल चढून पलीकडे, येताना दोन्ही हातांत पिशव्या. चालण्यानं आणि जिने चढण्यानं स्नायू साखर वापरतात आणि आकडा खोटा उतरतो. दोन तास बाकावरच बसा. घोटभर पाणी चालेल. मोबाइल बघा, डुलकी काढा.

*उलटी झाली तर* तपासणी तिथेच थांबवा आणि दुसऱ्या दिवसाची तारीख घ्या. ‘थोडीशीच झाली’ म्हणून पुढे रेटू नका. दुसऱ्यांदाही झाली तर डॉक्टर उपाशीपोटीच्या साखरेवर आणि इतर तपासण्यांवर काम चालवतील.

दुसरं सॅम्पल दिलं की लगेच खा. डबा बरोबर ठेवा. बाळंतिणीनं बारा तास उपाशी राहून परत रिक्षाच्या रांगेत उभं राहू नये.

> सावधान. ओजीटीटी टाळून नुसतं एचबीए१सी करून मोकळं व्हायचा मोह होतो. एकच सुई, उपास नाही. पण ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि सहाव्या आठवड्याला त्यात गरोदरपणाचे दिवसही मिसळलेले असतात. बाळंतपणात रक्त गेलं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर आकडा खोटा कमी येतो, लोहाची कमतरता असेल तर खोटा जास्त. पुढे वर्ष-दोन वर्षांनी एचबीए१सी उपयोगी आहे, आत्ता त्याच्यावर विसंबू नका.

टप्पा ६ : रिपोर्ट वाचणं

गरोदरपणात तुम्हाला उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत ठेवायला सांगितलं असेल. ते आकडे आता विसरा. आताचे निकष असे (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर):

- नॉर्मल: उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत.
- प्रीडायबिटीस (डायबिटीसच्या सीमेवरची साखर): उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा दोन तासांनी १४० ते १९९. दोन्हींपैकी एक असलं तरी पुरे.
- डायबिटीस: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा दोन तासांनी २०० किंवा जास्त.

काही डॉक्टर उपाशीपोटीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ११० ची रेषा धरतात, म्हणून १०४ ला एक जण ‘काही नाही’ म्हणेल आणि दुसरा ‘लक्ष ठेवा’ म्हणेल. तुमचा इतिहास बघता दुसऱ्याचं ऐका.

फक्त एकच आकडा डायबिटीसच्या हद्दीत असेल आणि लक्षणं काही नसतील, तर डॉक्टर सहसा आणखी एका तपासणीनं खात्री करून घेतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही.

उपाशीपोटी ९२ आणि दोन तासांनी १६८, असा रिपोर्ट आपल्याकडे काही नवलाचा नाही. नुसतं फास्टिंग केलं असतं तर ही बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेली असती. ओजीटीटीसाठी एवढा आटापिटा का, याचं उत्तर हेच.

टप्पा ७ : रिपोर्टनंतरचं वर्ष

डायबिटीस निघाला तर फिजिशियन किंवा डायबिटीसचे डॉक्टर गाठा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा यांची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. ‘अंगावर दूध आहे तोवर गोळ्या नकोत’ असं घरात म्हणतात. इन्सुलिन स्तनपानात चालतं, आणि मेटफॉर्मिन दुधात फारच कमी उतरतं म्हणून तेही सहसा देता येतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, आणि गरोदरपणातली उरलेली गोळी स्वतःच्या मनानं सुरूही करू नका.

प्रीडायबिटीस असेल तर खरं काम इथे आहे, आणि त्याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये गर्भकालीन डायबिटीस होऊन गेलेल्या, साखर सीमेवर असलेल्या बायकांत आहार-व्यायामाच्या कसून केलेल्या कार्यक्रमानं डायबिटीस होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं उतरलं. मेटफॉर्मिननंही तेवढंच उतरलं. त्या बायकांच्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं होऊन गेली होती, म्हणजे मुलगी सातवीत गेली तरी उशीर झाला असं समजायचं कारण नाही. भारतातल्या अशाच अभ्यासात, २००६ साली, प्रीडायबिटीसच्या लोकांत जीवनशैलीच्या बदलानं धोका २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिननं २६.४ टक्के कमी झाला. मेटफॉर्मिन तुम्हाला द्यायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

*स्तनपान.* जितके महिने पाजाल तितका आईचा डायबिटीसचा धोका कमी, असं अभ्यासांत दिसलं आहे. दूध कमी येत असेल तर लवकर मदत मागा. पाजताच आलं नाही तर अपराधी वाटून घेऊ नका, बाकीचे उपाय आहेतच.

*डिंकाचे लाडू.* यावरून घराघरांत भांडणं होतात, म्हणून सांगते. लाडवात तूप, खोबरं, डिंक, खारीक आणि बराचसा गूळ असतो. गूळ रक्तात गेल्यावर साखरेसारखाच वागतो, आयुर्वेदिक दुकानातून आणला तरी. दूध पाजताना जादा ऊर्जा लागते हे खरं, पण ती डाळी, अंडी, मासे, दही, भाकरी, पालेभाज्या यांतूनही मिळते. आईला किंवा सासूबाईंना ‘लाडू नको’ म्हणण्यापेक्षा ‘आई, लिंबाएवढे वळा, गूळ निम्मा घाला, मी दिवसाला एक खाईन’ म्हटलं की घरातली शांतता टिकते. अळीवाची खीर गोड न करता दुधात नुसती शिजवूनही लागते चांगली. मेथी बिनगुळाच्या भाजीत जाऊ शकते.

*बाकीचं जेवण.* अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-अंडं-मासा, पाव ताटात पोळी किंवा भात. पोळी आणि भात दोन्ही हवेच असतील तर दोन्ही निम्मे. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी, टोस्ट, ग्लुकोजची बिस्किटं यांचा हिशेब कुणी धरत नाही. रजा संपून लोकलचा प्रवास सुरू झाला की स्टेशनबाहेरच्या वडापावची त्यात भर पडते. मी तरी सुरुवात चहापासून करायला सांगते, कारण तो रोजचा आहे आणि तिथे कुणाला दुखवावं लागत नाही.

*चालणं.* आठवड्याला १५० मिनिटं हे लक्ष्य. साध्या बाळंतपणानंतर हळूहळू सुरू करता येतं, सिझर असेल तर टाके दाखवून डॉक्टरांची परवानगी घेऊन. एकदम तासभर निघायला कोणत्या बाळंतिणीला जमणार? दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, चाळीच्या गॅलरीत, पावसाळ्यात घरातल्या घरात. जेवणानंतर लगेच चाललं तर चढणारी साखर तिथेच वापरली जाते.

*वजन.* भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या पुढे जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. बाईचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. वजन जास्त असेल तर पाच ते सात टक्के उतरवणं पुरतं. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते पाच किलो. लग्नातल्या ब्लाउजचं माप गाठायची गरज नाही. दूध पाजत असताना उपाशी राहून वजन घटवू नका.

> तपासून पाहा. तीन महिन्यांनी तीन आकडे लिहा: वजन, कमरेचा घेर, आठवड्यातले चाललेले दिवस. तिन्ही जागचे हलले नसतील तर आहारतज्ज्ञाकडे जायची वेळ आहे. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आहाराचा सल्ला मिळतो, त्यासाठी खासगीत पॅकेज घ्यावंच लागतं असं नाही.

टप्पा ८ : दरवर्षीची तपासणी, आयुष्यभर

‘नॉर्मल’ रिपोर्टला मुदत असते. सल्ला दर एक ते तीन वर्षांचा आहे. आपल्याकडे डायबिटीस कमी वयात आणि कमी वजनावरही होतो, म्हणून मी दरवर्षी म्हणते. प्रीडायबिटीस असेल तर दरवर्षी नक्कीच.

महिना एकच धरा: बाळाच्या वाढदिवसाचा. केक कापायच्या आधीच्या आठवड्यात. पुन्हा ओजीटीटी झाला तर उत्तम. ते जमतच नसेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (५.७ ते ६.४ प्रीडायबिटीस, ६.५ पासून डायबिटीस) दोन्ही करा, काहीच न करण्यापेक्षा बरं. त्याच दिवशी रक्तदाब मोजा आणि कोलेस्टेरॉल तपासा, कारण या बायकांत हृदयविकाराचा धोकाही साधारण दुप्पट असतो. ऑफिसच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये पन्नास तपासण्यांची यादी असते, तिच्यात ओजीटीटी बहुधा नसतो. यादी वाचून बघा.

कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलात, अगदी दातांच्या किंवा डोळ्यांच्या, तरी ‘मला गरोदरपणात डायबिटीस झाला होता’ एवढं वाक्य सांगा. मुलाच्या डॉक्टरांनाही सांगा. अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि डायबिटीस होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्याच्या वजनाचा आलेख जरा जास्त लक्षपूर्वक बघितला जाईल.

टप्पा ९ : पुढचं मूल हवं असेल तर

अंदाजे निम्म्या जणींना पुढच्या खेपेलाही गर्भकालीन डायबिटीस होतो. त्याहून मोठी काळजी ही की मधल्या काळात टाइप २ झालेला असतो आणि कुणाला माहीत नसतो. बाळाचे हृदय, मेंदू, कणा पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, तेव्हा कित्येकींची पाळीही नुकतीच चुकलेली असते. त्या दिवसांत साखर चढलेली असेल तर जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो. म्हणून गर्भनिरोधनाचा प्रश्न टप्पा २ मध्येच घेतला. मूल ठरवून, साखर तपासून मगच होऊ द्यायचं.

कॉपर-टीचा साखरेवर परिणाम होत नाही. तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शननं, सरकारी दवाखान्यातलं ‘अंतरा’ त्याच प्रकारचं, काहींचं वजन वाढतं आणि डायबिटीसचा धोकाही थोडा वाढू शकतो. ते घेण्याआधी आपला इतिहास सांगून विचारा.

मूल हवं असं ठरलं की गर्भनिरोधन थांबवण्याआधी ओजीटीटी किंवा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. दिवस गेल्याचं कळलं की नाव नोंदवायला जातानाच टप्पा १ ची फाईल बरोबर न्या आणि साखरेची तपासणी त्याच भेटीत करायला सांगा. ती नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते.